आवाज कमी झाला

आमचं हॉटेल पुणे-नाशिक रस्त्यावर, कळंबच्या थोडं पुढं, ऐन वळणावर होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, दोन बाकडी, एक भट्टी, बरण्यांमध्ये खारी नि टोस्ट, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. गाव आतल्या अंगाला, चालत गेलं तर दम लागेल इतकं लांब. त्यामुळं शेजार म्हणाल तर एक पंक्चरवाला आणि रस्त्यापलीकडं लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. पंक्चरवाला बडबड्या, म्हसोबा गप्प. सकाळी उठल्या उठल्या मी एकाला चहा द्यायची नि एकाला उदबत्ती लावायची.

माझं माहेर येडगावचं, धरणाच्या पाण्याकाठचं. तिथं रात्री पाण्यात मासा उडाला तरी ऐकू यायचा. लग्न होऊन इथं आले तेव्हा गाड्यांच्या धडधडीनं माझा डोळ्याला डोळा लागायचा नाही. सासू म्हणायची, "व्हईल सवय. माणूस नवऱ्याच्या घोरण्यालाबी सवकतंय." तिचं खरं झालं. पुढं पुढं तर माहेरी गेले की शांततेनंच मला जाग यायला लागली.

त्या रस्त्यावरची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. नेहमीचे ड्रायव्हर आमच्या वळणाला आले की हॉर्न वाजवायचे. तसा हॉर्न सगळेच वाजवतात, वळणच होतं. पण नेहमीच्यांचा वेगळा यायचा. एक लांब, मग दोन आखूड. एकदा का तो आला की आमचे हे भट्टीसमोरून मान वर करायचे आणि हातातल्या झाऱ्यासकट हात वर करायचे. तिकडं ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावायचा. गाडी निघून जायची. थांबायला त्यांना वेळ नसायचाच नेहमी, नारायणगावच्या बाजाराची टोमॅटोची खेप असायची, मंचरचा कांदा असायचा, दूध असायचं. पण राम राम चुकायचा नाही.

"बघितलंस?" हे मला म्हणायचे. "कलेक्टरला तरी घालतंय का कुणी एवढे राम राम?"

"कलेक्टर भजी तळत नाही," मी म्हणायची.

माणूस खूष व्हायचा खरा. भजी करपली तरी हात वर जायचाच. मी लई चिडवायची त्यांना. मनातून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या रस्त्यावर आपल्याला ओळखून कुणीतरी रोज जातंय, ही काही लहान गोष्ट नाही.

पण तोच रस्ता माणसंही खायचा. वळणच वाईट होतं. ब्रेकचा आवाज आला की हे भट्टी सोडून पळायचे, पंक्चरवाला पाना टाकून पळायचा. शेडमध्ये एका कोपऱ्यात आम्ही धुतलेल्या चादरी घडी घालून ठेवायचो. कुणाला झोळी करून न्यायला लागायच्या, कुणाला अंगावर टाकायला. त्या चादरी मीच धुवायची. म्हणून बायपास व्हावा असं कुणाला सगळ्यात जास्त वाटत असेल तर ते आम्हाला. गावानं रस्ता अडवला तेव्हा हे पुढं बसले होते, आणि मी त्यांच्या मागं. गावातला एक जण ह्यांना म्हणाला, "अरं, रस्ता गेला तर तुझं हॉटेल बसंल की. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसलं चाललंय तुझं." हे म्हणाले, "बसू दे बसलं तर. चादरी तरी धुवाव्या लागायच्या न्हाईत."

मग बायपास मंजूर झाला. शेतांमधून लाल दगड रोवले गेले, आणि त्याच उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी एक मुलगी आमच्या बाकड्यावर येऊन बसली. पाठीला पिशवी, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. पुण्याहून आली होती. रस्ता व्हायच्या आधी इथले लोक कसे राहतात आणि झाल्यावर कसे राहतात, हे तिच्या संस्थेला मोजायचं होतं. काही घरं चिठ्ठ्या टाकून काढली होती, त्यांत आमचं निघालं होतं. "आता मी परत परत याच घरी येणार," ती म्हणाली. "घर बदलून चालत नाही आम्हाला."

हे म्हणाले, "आम्हालाबी न्हाई चालत." आणि तिच्यापुढं चहा ठेवला.

तिनं लई विचारलं. धूळ किती येते, खोकला कुणाला आहे, रस्ता ओलांडताना भीती वाटते का, दवाखान्यात जायला काय मिळतं. मग पिशवीतून एक यंत्र काढलं. मोबाईलएवढं, आणि शेंड्याला काळ्या स्पंजाचं बोंड. ते बाकड्यावर उभं केलं आणि म्हणाली, "आता थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. हे आवाज मोजतं."

आम्ही तिघं गप्प बसलो. गाड्या जात होत्या, यंत्रावरचे आकडे वरखाली होत होते. तेवढ्यात दुधाचा टँकर आला. रोज दुपारी जायचा तो. एक लांब, दोन आखूड. ह्यांनी सवयीनं हात वर केला. आकडा टुणदिशी वर उडाला.

मुलगी कळवळून म्हणाली, "केवढा हा त्रास. दिवसभर असंच?"

"त्रास कसला, ताई," हे म्हणाले. "राम राम घातला त्यानं."

तिला हसू आलं. लिहिलं मात्र तिनं त्रासच असणार, कारण राम राम लिहायला तिच्याकडं जागा नव्हती. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

बायपास व्हायला वेळ लागला. मधल्या काळात ह्यांना पोटाचं दुखणं निघालं. मंचरचा दवाखाना झाला, पुण्याचा झाला. शेवटी घरीच आणलं. खाट पुढं शेडमध्ये टाका म्हणाले, खोलीत जीव घुसमटतो. म्हणून भट्टीशेजारी खाट टाकली. हॉर्न आला की पडल्या पडल्या हात वर करायचे. शेवटी शेवटी नुसती बोटं हलायची. नवा रस्ता सुरू व्हायच्या आधीच ते गेले. फीत कापायला कोण आलं होतं, हे त्यांना कळलंही नाही, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

रस्ता सुरू झाला त्या दिवसापासून आमच्यासमोरून गाड्या बंद. हळूहळू नाही, एकदम. सकाळी होत्या आणि दुपारी नव्हत्या. आधी वाटलं पुढं कुठं अडकल्या असतील. सवयीनं मोठं पातेलं भरून चहा टाकला होता. संध्याकाळी तो शेडमागच्या चिंचेच्या बुडाशी ओतला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग लहान पातेलं काढलं, मग त्याहून लहान. पंक्चरवाल्यानं बिऱ्हाड उचललं आणि बायपासच्या तोंडाशी टपरी टाकली. "तुमीबी चला की, मावशी," म्हणाला. मी म्हटलं, तू जा. माझा राग होता त्या रस्त्यावर. ज्याच्यासाठी माणूस उन्हात बसला, तो रस्ता त्याच्या तिरडीनंतर आला. चार शेतं ओलांडली की रस्ता, पण मी त्याच्यावर पाऊल ठेवणार नाही असं ठरवलं आणि ठेवलं नाही.

एकटेपणा काय असतो ते मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, माणसं नसली म्हणजे एकटेपणा. तसं नाही. माणसं तशी आमच्याकडं कधी राहायला नव्हतीच. पण सकाळपासून आपल्याकडं कुणी बघितलंच नाही, असं दुपारी लक्षात येतं ना, ते फार वाईट असतं. मी बरण्या पुसायची. त्यांच्यावर आता धूळही बसत नव्हती, तरी पुसायची. गिऱ्हाईक नसताना ग्लास विसळायची. टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायची. हिंदी मालिकेतल्या सासवा दिवसभर भांडायच्या, तेवढंच घरात बोलणं.

मुलगा मोशीला असतो, चाकणच्या कंपनीत जातो. बायको आहे, एक लहान मुलगी आहे. दर रविवारी त्याचा फोन. "आई, आता काय राहिलंय तिथं? उसात बिबट्या फिरतोय, तू एकटी. शटर खाली घाल नि ये." त्याचंही काही चुकत नव्हतं. सून स्वभावानं बरी आहे. पण सगळं सोडून जायचं म्हणजे ह्यांची खाट जिथं होती ती जागा सोडायची. मी म्हणायची, बघू. तो म्हणायचा, "बघू बघू म्हणत किती काढणार? दसऱ्याला मला नक्की सांग."

दसऱ्याच्या आधी ती मुलगी परत आली. ह्यांचा फोटो बघून उभीच राहिली. मग बाकड्यावर बसली आणि माझा हात हातात घेतला. काही वेळानं म्हणाली, "मावशी, प्रश्न विचारले तर चालतील का? नाहीतर मी नंतर येते." मी म्हटलं, विचार गं बाई, कुणीतरी काही विचारतंय हेच खूप आहे.

धूळ? कमी झाली. खोकला? गेला. रस्ता ओलांडायची भीती? रस्त्यात गोधडी टाकून झोपले तरी चालेल. अपघात? इथं एकही नाही. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळपर्यंत पांढरं राहायचं, तेही सांगितलं तिला. सगळं खरं सांगितलं. ह्यांनी जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. मुलगी मोबाईलवर भराभर बोट दाबत होती. मग म्हणाली, "शेजाऱ्यांशी संबंध. सुधारले, बिघडले की तसेच?"

"कुठले शेजारी?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. पंक्चरवाल्याच्या जागी गवत वाढलं होतं. "मग 'लागू नाही' असं टाकते," ती म्हणाली. मी म्हटलं, टाक.

मग तिनं ते बोंडाचं यंत्र काढलं. गेल्या वेळी दुपारी मोजलं होतं म्हणून आताही दुपारीच मोजायचं होतं. मी टीव्ही बंद केला, पंखा बंद केला आणि तिच्यासमोर बसले. किती दिवसांनी मी अशी पुढं शेडमध्ये काही न करता बसले होते. आकडा खाली खाली गेला. लिंबाची पानं वाजत होती तेवढीच. ती शांतता माझ्या अंगावर यायला लागली आणि उठावंसं वाटलं. तेवढ्यात शेतांपलीकडून, बारीक पण अगदी स्पष्ट, हॉर्न आला.

एक लांब. दोन आखूड.

माझा हात आपोआप वर गेला. भट्टीसमोर ह्यांचा जायचा तसा.

"मध्येच हॉर्न आला," मुलगी म्हणाली. "हे धरता येणार नाही. परत घ्यावं लागेल."

"अगं तो दुधाचा टँकर आहे," मी म्हटलं. "आपला टँकर."

"हो, पण एवढ्या लांबचा आवाज इथला म्हणून नाही धरत, मावशी." तिनं ते पुसलं आणि परत मोजायला सुरुवात केली. पोरीनं तिचं काम केलं. मी मात्र त्या दुसऱ्या शांततेत कशीबशी बसले होते. तो अजून वाजवतो. रस्ता बदलला तरी, तिथनं आम्ही धड दिसत नसलो तरी, आमच्या समोर आला की वाजवतो. इतके महिने रोज वाजवत असेल आणि मी टीव्हीतल्या सासवांची भांडणं ऐकत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी टीव्ही बंद. बाकडं शेताकडं तोंड करून फिरवलं. टँकर यायचा, वाजवायचा, मी हात वर करायची. त्याच्यासारखे आणखीही दोघं-तिघं जुने होते, लक्ष दिलं की तेही ऐकू यायला लागले. वेडेपणा म्हणा. पण मी केस विंचरून बसायला लागले. त्या दिवसांत मला जेवण गोड लागायचं. दसऱ्याला मुलाचा फोन आला तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "मी येत नाही. इथं मला ओळखणारी माणसं आहेत."

"कोण माणसं, आई?"

"आहेत. तुला काय करायचंय."

तो म्हणाला, "बरं. मी परत विचारणार नाही." आणि खरंच त्यानं विचारायचं सोडलं. फोन रविवारचा असायचाच, पण जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच.

संक्रांत आली. मी तीळ भाजले, गूळ कुटला, लाडू वळले. एकटीला किती लागणार? मनात आलं, टँकरवाल्याला देऊ. त्याला कळायला तरी पाहिजे की मी ऐकते. नाहीतर तो बिचारा वाजवतोय आणि त्याला वाटत असेल, तिकडं कुणी नाही. कधी ना कधी थांबेल वाजवायचा. ही भीती मला फार होती. म्हणून नवं पातळ नेसले, डबा घेतला आणि कांद्याच्या बांधाबांधानं निघाले. कांद्याला नुकतं पाणी दिलं होतं, चपला चिखलात रुतत होत्या. ज्या रस्त्यावर पाऊल ठेवणार नाही म्हटलं होतं, त्याच्यासाठी चिखल तुडवत चालले होते. राग गेला की माणसाला कशाची लाज वाटत नाही.

बायपासच्या कडेला चढले आणि समोर म्हसोबा.

चौथरा बांधला होता, वर पत्रा, भगवा झेंडा, शेंदूर ताजा. मला काही कळेना. आमचा म्हसोबा तर लिंबाखालीच होता, सकाळीच त्याला उदबत्ती लावून आले होते. पंक्चरवाल्याची टपरी जवळच होती. तो धावत आला. "मावशी, आज कुठं इकडं? हे बघितलं न्हाई व्हय तुमी? आपल्या लिंबाखालच्या ठाण्यातला बारका दगड आणून बसवलाय. ड्रायव्हर लोकांनीच बसवला. ते म्हनले, म्हसोबाला हात केल्याबिगर म्होरं कसं जायचं."

कळलं होतं मला. पण कळणं आणि मानणं वेगळं असतं. मी तिथंच डबा धरून उभी राहिले.

टँकर आला. लांबून पांढरा दिसला, मग मोठा झाला. एक लांब, दोन आखूड. ड्रायव्हरनं चौथऱ्याकडं बघितलं आणि हात कपाळाला लावला. तोच हात, तसाच कपाळाला. मग त्याची नजर माझ्यावर पडली, आणि पुढं जाऊन गाडी थांबली. तो उतरून मागं आला. केस पांढरे झाले होते त्याचे.

"मावशी, तुमी? इथं कशा?"

मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल म्हणायचं असतं, ते राहूनच गेलं. मी सरळ विचारलं, "हॉर्न कुणाला वाजवतोस रे?"

"म्हसोबाला की. आमच्या वस्तादानं शिकवलंय, हितनं जाताना वाजवल्याबिगर जायचं न्हाई."

"आणि आधी? दुकानासमोर वाजवायचास तो?"

"तवाबी म्हसोबालाच, मावशी. लिंबाखाली व्हता न्हवं?" एवढं बोलून त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तो थांबला. समजूतदार माणूस. मग म्हणाला, "मालकांनाबी राम राम व्हायचाच की त्यातनं. लई हात करायचे मालक. बरे हायत ना?"

ते गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं टोपी काढली. "च्या घ्यायला आलो असतो, पण गाडी वळवायला हितं डिवायडरला जागाच न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, दूध नासेल. तो गेला. पंक्चरवाला बसा म्हणत होता, मी बसले नाही.

परत येताना बांधावर बसून मी रडले. देवाचा हेवा केला मी त्या दिवशी. रोज सकाळी ज्याला उदबत्ती लावली, त्याच्याच वाट्याचा राम राम आम्ही दोघं जन्मभर खात होतो. मला वाईट माझं नाही वाटलं. ह्यांचं वाटलं. झाऱ्यासकट हात वर करायचे. खाटेवरून बोटं हलवायचे. मग आणखी थोडा वेळ बसल्यावर वाटलं, बरं झालं, त्यांना कळायच्या आधी गेले. ते खूष होऊन गेले.

त्यानंतर दुपारचा हॉर्न मला ऐकवेना. परत टीव्ही लावायला लागले. पण सासवांच्या भांडणातूनही तो ऐकू यायचाच, आता कान त्याला सवकले होते. मग एका रविवारी मुलाचा फोन आला. जेवलीस का म्हणाला. मी म्हटलं, "न्यायला कधी येतोस?"

तो म्हणाला, "खरंच, आई?" मग म्हणाला, पाडवा झाला की येतो.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी शेवटच्या खेपेला आली. बोचकी बघून तिचा चेहरा उतरला. "तुम्ही गेलात तर घर 'बंद' लिहावं लागेल," म्हणाली. मी म्हटलं, बंद होणारच आहे, खोटं कशाला. तिनं सगळे प्रश्न परत विचारले. धूळ, खोकला, अपघात. मी तीच उत्तरं दिली. मग एक नवा प्रश्न होता. घर सोडण्याचं कारण. नोकरी, शिक्षण, लग्न, आजारपण, इतर.

"इतर," मी म्हटलं.

"इतरमध्ये काय लिहू?"

"लिही, आवाज नाही म्हणून."

ती अडखळली. "मावशी, आवाज कमी होणं आम्ही सुधारणा म्हणून धरतो."

"धर की. सुधारणाच आहे ती. चादरी धुवाव्या लागत नाहीत मला. ह्यांना विचारलं असतंस तर तेही हेच म्हणाले असते." मी तिला चहा दिला. "पण तू कारण विचारलंस ना, मग ते लिही."

तिनं लिहिलं. चहा पिऊन ग्लास स्वतः विसळून ठेवला आणि जाताना पाया पडली. तिच्या त्या संस्थेत त्या एका ओळीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

मुलगा गाडी घेऊन आला. बरण्या मी गावातल्या शाळेच्या स्वयंपाकवाल्या बाईला दिल्या. ह्यांचा झारा माझ्या पिशवीत घातला. सून तो कपाटात ठेवेल, ठेवू दे. लिंबाखाली जाऊन म्हसोबाला शेवटची उदबत्ती लावली आणि म्हटलं, आता तुझं तू बघ. भांडण मिटलं होतं आमचं. मुलानं शटर ओढलं, ते मध्येच अडकलं. ते कसं ओढायचं हे ह्यांनाच माहीत होतं. शेवटी दोघांनी मिळून खाली घातलं.

आतल्या रस्त्यानं वळून आम्ही बायपासला लागलो. रस्ता चांगलाच आहे, पोटातलं पाणी हलत नाही. कांदे काढायचं काम चाललं होतं, शेतात बायका बसल्या होत्या. पुढं चौथरा दिसला, झेंडा दिसला.

"हॉर्न वाजव," मी म्हटलं.

"कशाला? पुढं कुणी नाही."

"वाजव म्हणते ना. एक लांब, दोन आखूड."

त्यानं वाजवला. मी म्हसोबाकडं पाहिलं नाही. मान वळवून शेतांपलीकडं पाहिलं. तिकडं आमचा पत्रा उन्हात चमकत होता, लिंब दिसत होता, शेताकडं तोंड करून ठेवलेलं बाकडं दिसत होतं. मी हात वर केला आणि घर मागं जाईपर्यंत वर ठेवला.

मुलानं आरशातून बघितलं. "कुणाला हात करतेस, आई?"

"आपल्याला," मी म्हटलं. "तू पुढं बघून गाडी चालव."